पायरीची उंची : मुंबईच्या डबल डेकरपासून भामरागडच्या एसटीपर्यंत

भारतात दुमजली बसला ४.७५ मीटरपेक्षा उंच होता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच ही मर्यादा घातली आहे. आता या पावणेपाच मीटरांत दोन मजल्यांची माणसे बसवायची तर हिशेब काय होतो ते पाहू. खालच्या मजल्यावर माणसाला ताठ उभे राहता यावे म्हणून सुमारे १.९ मीटर लागतात. वरचा मजला मुख्यतः बसणाऱ्यांचा असल्याने तिथे थोडी काटकसर चालते, पण आसनापर्यंत वाकत जावे लागू नये म्हणून १.७५ मीटर हवेतच. दोन मजल्यांमधली फरशी आणि छत यांची मिळून जाडी पाव मीटर धरली, तर बेरीज ३.९ मीटर झाली. उरले ८५ सेंटिमीटर. तळमजल्याची फरशी जमिनीपासून एवढ्या उंचीच्या आतच बसवावी लागते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची साधी एसटी ट्रकच्या घराण्यातल्या चेसिसवर बांधलेली असते आणि तिची फरशी जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटर उंच असते. या चेसिसवर दुसरा मजला चढवणे नियमात बसत नाही आणि तोलातही बसत नाही. दुमजली बस करायची म्हणजे आधी फरशी खाली आणावी लागते. गेल्या शंभर वर्षांत बसची फरशी खाली आणण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या, त्यांतल्या अनेक दुमजली बससाठीच निघाल्या. ज्या जिल्ह्यांत डबल डेकर कधी धावली नाही आणि बहुधा धावणारही नाही, तिथल्या माणसाने या युक्त्यांचा आढावा का घ्यावा? कारण ज्या गोष्टीवाचून दुमजली बस उभीच राहत नाही, तीच गोष्ट आमच्या एकमजली बसमध्ये इतकी वर्षे राहून गेली आहे. गुडघेदुखीची म्हातारी, दिवस भरत आलेली बाई, कुबडीवरचा माणूस आणि पाचवीतली मुलगी यांच्यासाठी प्रवास तिकिटाच्या खिडकीपाशी सुरू होत नाही. तो पहिल्या पायरीपाशी सुरू होतो, आणि अनेकदा तिथेच अडतो.

सुरुवात मुंबईपासून करायला हवी, कारण मराठी माणसाची दुमजली गाडी म्हणजे ‘बेस्ट’ची. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, आणि १९२० मध्ये ट्रामच दुमजली झाली. बससेवा १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली आणि १९३७ मध्ये दुमजली बस रस्त्यावर आली. ट्राम १९६४ मध्ये संपली, डबल डेकर मात्र राहिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत अशा सुमारे नऊशे गाड्या होत्या. पुढे त्या घटत गेल्या. दोन मजल्यांना दोन वाहक लागत, इंधन जास्त जाई, आणि जिन्यावरून चढ-उतार होईपर्यंत गाडी थांब्यावर खोळंबून राही. जुन्या डिझेल डबल डेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेकडून सीप्झकडे झाली. तोवर तिची विजेवरची वारस रस्त्यावर आलेली होती.

या गाड्यांचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथे सगळ्यात मोठी अडचण रेल्वेच्या ठेंगण्या पुलांची होती. १९२७ मध्ये लेलँड कंपनीने ‘टायटन’ आणली. तिचा रचनाकार जी. जे. रॅकहॅम याने लॉरीची चेसिस उचलून तिच्यावर बस बांधण्याची तोवरची रीत सोडली आणि मुळातच खाली झुकलेली, बससाठीच आखलेली चेसिस केली. तरीही पुलाखालून जाण्याइतकी उंची कमी होईना. म्हणून वरच्या मजल्यावरची ये-जा करायची वाट मधोमध न ठेवता एका कडेला, खोल चरासारखी काढली. त्या चराचा तळ खालच्या उतारूंच्या डोक्यावर येई आणि उठताना कपाळमोक्ष होई. ही तडजोड तिथे कित्येक दशके चालली.

तोडगा निघाला १९४९ मध्ये, ब्रिस्टल कंपनीच्या ‘लोडेका’ या गाडीत. मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा मोठा गोळा असतो. इंजिनाकडून येणारा फिरता दांडा त्यात शिरतो आणि फरशीला या गोळ्याच्या वरूनच जावे लागते. लोडेकाच्या रचनाकारांनी गोळा कडेला सरकवला आणि आसाचा मधला भाग खाली घेतला. चाकांपाशी जास्तीचे गिअर देऊन शक्ती पुन्हा चाकाच्या मध्यापर्यंत चढवली. त्यामुळे मधली वाट आसाच्या त्या खोलगट भागावरून सरळ गेली आणि वरच्या मजल्यावरचा चर निघून गेला. आजच्या लो-फ्लोअर बसमधला पोर्टल अ‍ॅक्सल याच विचाराची पुढची पायरी आहे. चाकाचा मध्य आहे तिथेच असतो, चाके जोडणारा आस मात्र त्याच्या खालून जातो.

दुसरी मोठी उडी इंजिनाच्या जागेची. लेलँडच्या ‘अटलांटियन’ने १९५८ मध्ये इंजिन मागे टाकले. पुढच्या चाकांच्याही पुढे दार आले आणि चालकाला चढणारा माणूस दिसू लागला. पुढे एकाच माणसाने गाडी चालवायची आणि तिकीटही द्यायचे, हे शक्य झाले ते या बदलामुळे. लंडनची लाडकी ‘रूटमास्टर’ १९५६ पासून रस्त्यावर आली. तिची काया विमानबांधणीतून शिकलेल्या अ‍ॅल्युमिनियमची होती, पण इंजिन पुढेच आणि मागे उघडी पायरी. तिच्यावर लंडनकरांचे फार प्रेम होते. तरीही ९ डिसेंबर २००५ रोजी ती नियमित सेवेतून गेली, आणि जाण्याच्या मुख्य कारणांपैकी एक हे होते की चाकाची खुर्ची तिच्यात चढू शकत नव्हती. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक दुमजली सार्वजनिक बस दिव्यांगांना वापरता येण्यासारखी असणे बंधनकारक झाले. लोकांच्या जिव्हाळ्याची गाडीसुद्धा पायरीमुळे निवृत्त होऊ शकते, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते.

खऱ्या अर्थाने लो-फ्लोअर म्हणावी अशी दुमजली बस लंडनमध्ये १९९८ च्या अखेरीस धावू लागली. दारापासून गाडीच्या मध्यापर्यंत एकही पायरी नाही, फरशी रस्त्यापासून सुमारे एक फुटावर. हे घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. इंजिन मागे गेले. आस खाली वाकला. आणि लोखंडी कमान-पाट्यांच्या जागी हवेचे फुगे आले. हा तिसरा बदल सहसा कोणी सांगत नाही, पण उतारूच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. कमान-पाट्यावरची रिकामी गाडी उंच उभी राहते आणि भरली की दबते, त्यामुळे पायरीची उंची दर थांब्यावर बदलते. फुग्यांत हवा कमी-जास्त करून फरशी एका पातळीवर राखता येते. थांब्यावर पुढच्या डाव्या बाजूची हवा सोडली की गाडी काही सेंटिमीटर झुकते आणि उतारू चढला की पुन्हा सरळ होते.

याची किंमतही असते. फरशी खाली आली की चाके गाडीच्या आत घुसल्यासारखी होतात. चार मोठे उंचवटे उभे राहतात आणि त्यांच्यापाशी वाट अरुंद होते. दुमजली गाडीत जिना ठेवायलाही जागा हवी, म्हणून तो पुष्कळदा चालकामागे, पुढच्या चाकाच्या उंचवट्यावरच बसवतात. वाया जाणारी जागा अशी कामाला येते. मागे इंजिनामुळे फरशी चढत जाते आणि तिथल्या आसनांना एक-दोन पायऱ्या लागतातच. ‘संपूर्ण सपाट’ अशी बस जाहिरातीत सोपी असते, प्रत्यक्षात फार दुर्मीळ.

एवढी उंच गाडी वळणावर उलटत कशी नाही, असे पुष्कळ लोक विचारतात. ब्रिटनमध्ये दुमजली बसची जुनी परीक्षा आहे. फक्त वरच्या मजल्यावर उतारूंच्या वजनाइतका भार ठेवायचा, खालचा मजला रिकामा ठेवायचा आणि गाडी एका बाजूला २८ अंशांपर्यंत कलवायची. तरीही ती पडता कामा नये. गाडी टिकते, कारण इंजिन, आस, गिअर, टाक्या हे सारे जड सामान तळाशी असते आणि वरचा मजला पातळ पत्र्याचा व हलका असतो. फरशी जितकी खाली, तितका हा तोल भक्कम.

विजेवरच्या दुमजली बसने या हिशेबात नवा प्रश्न आणला. एकमजली इलेक्ट्रिक बसची बॅटरी पुष्कळदा छतावर ठेवतात. दुमजली गाडीच्या डोक्यावर इतके वजन ठेवता येत नाही, म्हणून बॅटरीला खाली किंवा मागे जागा शोधावी लागते. नेमकी तीच जागा खालच्या फरशीलाही हवी असते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईत नितीन गडकरी यांच्या हस्ते ‘स्विच ईआयव्ही २२’ या वातानुकूलित इलेक्ट्रिक डबल डेकरचे अनावरण झाले, आणि २१ फेब्रुवारी २०२३ पासून ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एनसीपीए या मार्गावर धावू लागली. तिची बॅटरी २३१ किलोवॅट-तासांची आहे, काया अ‍ॅल्युमिनियमची, दारे दोन आणि जिनेही दोन. कंपनीचा दावा असा की तिच्याएवढ्या एकमजली बसपेक्षा तिचे वजन फक्त १८ टक्के जास्त आहे आणि माणसे जवळपास दुप्पट मावतात. अभियांत्रिकीच्या नजरेने हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण बॅटरीने वाहून नेलेला प्रत्येक जादा किलो म्हणजे कमी झालेला पल्ला. ही गाडी मात्र पूर्ण लो-फ्लोअर नाही, कंपनी तिला सेमी लो-फ्लोअर म्हणते. मुंबईचे खड्डे, पावसात तुंबणारे पाणी आणि बॅटरीची जागा यांचा विचार केला तर मला ही तडजोड समजते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुंबईकराला ती परवडते का, हा प्रश्न मात्र त्यालाच विचारायला हवा.

फरशीच्या उंचीचे तीन आकडे भारतात सरकारदरबारी बरेच आधी नोंदले गेले. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरांना बस घेण्यासाठी पैसे मिळाले, तेव्हा केंद्राच्या नगरविकास खात्याने शहरी बसचे निकष ठरवले. ४०० मिलिमीटर म्हणजे लो-फ्लोअर, ६५० म्हणजे सेमी लो-फ्लोअर आणि ९०० म्हणजे साधी शहरी बस. ट्रकच्या चेसिसवरची अकराशे मिलिमीटरची फरशी शहरासाठी योग्य नाही, हे यात गृहीतच होते. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. त्याच्या कलम ४१ मध्ये सार्वजनिक वाहतूक दिव्यांगांना वापरता येण्यासारखी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले की सुलभतेची किमान मानके ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारकच हवीत. कायद्याच्या बाजूने चित्र स्वच्छ आहे. घोळ आहे तो ‘शहर’ या शब्दाच्या आडोशाला. सुलभ बस म्हटली की पुणे, मुंबई, नागपूर डोळ्यांपुढे येते. एटापल्लीच्या बसचा विचार या चर्चेत कोणी करत नाही.

म्हणून आता आमच्या मुलखाकडे येतो.

चंद्रपूर जिल्ह्याला बसचे तीन वारसे आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली तेव्हा आमचा भाग मध्यप्रांतात होता आणि तिथली परिवहन सेवा वेगळी होती. राजुऱ्याकडचा भाग तर निजामाच्या राज्यात. त्या राज्याने १९३२ मध्ये २७ गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती. पुढे सगळे एका महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाखाली आले. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. १४,४१२ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा. बहुतेक भूभाग जंगलाचा, आणि वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी या नद्यांनी वेढलेला.

इथे बस पोहोचणे हीच मोठी घटना असते. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी भागात पहिल्यांदा एसटी गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या कटेझरीला आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातल्या मरकणारला पहिली बस लागली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी गावात बस आली म्हणून लोकांनी आनंद साजरा केला, तो अगदी योग्यच होता. अशा वेळी पायरीच्या उंचीची गोष्ट काढणे काहींना चोचल्यासारखे वाटेल. मला तसे वाटत नाही. बस गावात येणे आणि गावातल्या सगळ्यांना बसमध्ये चढता येणे ही एकाच हक्काची दोन अंगे आहेत, आणि पहिले साधले म्हणून दुसरे आपोआप साधत नाही.

कोण चढते या बसमध्ये ते पाहा. मानव विकासच्या निळ्या गाडीतून शाळेला जाणाऱ्या मुली. २०२२ च्या ऑगस्टपासून ज्यांचा प्रवास मोफत झाला ते ७५ वर्षांवरचे वृद्ध. १७ मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास करणाऱ्या बाया, पुष्कळदा कडेवर मूल आणि डोक्यावर बोजा घेऊन. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात बाळंतपणाआधीच राहायला निघालेल्या गरोदर स्त्रिया. सिकलसेलचे रुग्ण, ज्यांचे सांधे दुखणे उठले की एक पायरीही जड होते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी उभ्या केलेल्या वसाहतीतली कुष्ठमुक्त आणि अस्थिव्यंग माणसे. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला, ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी. हिवाळ्यात झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहून पहाटेच्या गाडीने परतणारी कुटुंबे. राज्याने यांतल्या बऱ्याच जणांना तिकिटात सवलत दिली आहे. पायरीत दिलेली नाही. पहिली पायरी गुडघ्याएवढी, पुढच्या अरुंद आणि उभ्या, आणि हाताला धरायचा दांडा अनेकदा धडधाकट पुरुषाच्या उंचीचा. ज्याला वरून कोणी हात देईल तो चढतो.

याला एसटीच्या कार्यशाळांमधले कारागीर जबाबदार नाहीत. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांनी पिढ्यान् पिढ्या तयार चेसिसवर काया बांधली आहे, आणि जी चेसिस येते तिची उंची त्यांच्या हातात नसते. २०२४ मध्ये महामंडळाने अशोक लेलँडला २,१०४ ‘व्हायकिंग’ बसचा आदेश दिला. मजबूत, दुरुस्तीला सोपी, सुटे भाग कुठेही मिळणारी ही गाडी, पण इंजिन पुढे आणि फरशी उंच. बस एकदा घेतली की दहा-बारा वर्षे चालते. म्हणजे आज शाळेत जाणारी मुलगी स्वतः आई होईपर्यंत हीच पायरी चढणार.

उलट बाजूही खरी आहे आणि ती डावलून चालणार नाही. उंच फरशी हा केवळ आळस नाही. जंगलातल्या रस्त्यावर ४०० मिलिमीटरची गाडी नेली तर काय होईल? गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असावा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. गावोगावी टाकलेले गतिरोधक मात्र आखूड आणि उभे असतात, आणि लो-फ्लोअर गाडीचे पोट किंवा पुढचे नाक त्यांना घासते. ओढ्यांवर रपटे आहेत. उतरताना गाडीचे नाक टेकते आणि चढताना शेपटी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पाणी ओसरल्यावरही रस्त्यावर गाळ आणि खड्डे राहतात. आष्टी, आलापल्ली, सिरोंचा या बाजूला लोहखनिजाच्या आणि इतर जड वाहनांनी रस्ते उखडतात. अशा वाटेवर हवेचे फुगे फुटले तर दुरुस्ती अहेरी आगारात व्हावी लागते, कंपनीच्या कारखान्यात नव्हे. म्हणून दिल्लीची लो-फ्लोअर बस जशीच्या तशी भामरागडला पाठवा, असे म्हणणारा माणूस या रस्त्याने गेलेला नसतो.

डबल डेकरचे तर आणखी अवघड. चंद्रपूर हे गोंडराजांच्या परकोटाचे शहर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशींतून आजही वाहतूक जाते, आणि जटपुरा गेटपाशी छोट्या गाड्यांचीच कोंडी होते. विजेच्या रेल्वेमार्गाच्या फाटकांवर उंची अडवणाऱ्या आडव्या कमानी असतात. जंगलातल्या रस्त्यांवर सागाच्या आणि मोहाच्या फांद्या आडव्या येतात. पण रस्ता मोकळा असता तरी मी इथे दुमजली बस मागितली नसती. रस्त्याची लांबी अपुरी आणि माणसे अफाट, अशा ठिकाणी तिचे बळ आहे, कारण एका गाडीच्या जागेत दोन गाड्यांची माणसे जातात. आमच्याकडे रस्ता अपुरा नाही, फेऱ्या अपुऱ्या आहेत. दोन तासांनी एक मोठी गाडी येण्यापेक्षा तासातासाने एक लहान गाडी आली तर गडचिरोलीच्या माणसाचे जास्त भले होईल.

मग उंच गाडी आणि ठेंगणा माणूस यांची गाठ घालायची कशी? फरशी खाली आणता येत नसेल तर जमीन वर आणता येते. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९९१ पासून नळीच्या आकाराची उंच स्थानके बांधली. लोक तिकीट काढून आधीच फरशीच्या उंचीवर उभे राहतात आणि गाडी आली की सरळ आत पाऊल टाकतात. अहमदाबादच्या जनमार्गाने २००९ मध्ये ९०० मिलिमीटर फरशीच्या बसला तेवढ्याच उंचीचे थांबे देऊन हेच केले. महागडी बस न घेता पायरी नाहीशी झाली.

हे आमच्या बसस्थानकांवर होऊ शकते, पण एक अडचण आहे. एसटी फलाटाला तोंड करून लागते, दार बाजूला राहते, आणि फलाट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असतो. म्हणून फलाट उचलून उपयोग नाही. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत दाराच्या बाजूने एक ओटा बांधावा लागेल. मागून सौम्य उतार, पुढे दाराच्या उंचीला येणारी सपाट जागा, कडेला कठडा आणि गाडी व ओटा यांमधली फट झाकणारी एक उचलती पट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, ब्रह्मपुरी, वरोरा, राजुरा, चिमूर, अहेरी या आगारांच्या स्थानकांवर प्रत्येकी एक असा ओटा बांधला तरी फार मोठा फरक पडेल. हे विटा-सिमेंटचे काम आहे. त्याला नवी बस लागत नाही, नवे तंत्रज्ञान लागत नाही, आणि ते आजच्या उंच गाड्यांनाही लागू पडते. माझ्या मते सगळ्यांत आधी करण्यासारखे काम हेच.

गावच्या थांब्यावर ओटा बांधून भागणार नाही, कारण गाडी नेमकी तिथेच थांबेल याची खात्री नसते. तिथे गाडीतच बदल हवा. दार उघडले की खाली सरकणारी एक जादा पायरी, लोखंडी आणि साधी. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खालपर्यंत येणारे दांडे, त्यांतला एक मुलांच्या उंचीचा. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि तिथे दिवा, कारण जंगलात सहानंतर अंधार असतो. पुढची एक-दोन आसने दाराशीच राखीव. हिंगण्याच्या कार्यशाळेला यांतले काहीही अशक्य नाही. पुढची पायरी म्हणजे ६५० किंवा ९०० मिलिमीटर फरशीची, मागे इंजिन असलेली पण पोटाखाली पुरेशी मोकळी जागा ठेवणारी ग्रामीण बस. अशी गाडी आज आपल्याकडे मागितलीच जात नाही, म्हणून बनतही नाही. विजेवरच्या गाड्यांत लांब फिरता दांडा नसतो, त्यामुळे ती बनवणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

चंद्रपूर शहराची गोष्ट वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजारांवर होती, आणि त्याच वर्षी इथे महानगरपालिका झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-ई बस सेवा योजना तीन लाखांवरच्या शहरांसाठी आहे. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, वैद्यकीय महाविद्यालय, बल्लारपूर, पडोली, दुर्गापूर यांना जोडणारे डांबरी आणि सपाट रस्ते इथे आहेत. इथे रपट्याची सबब चालत नाही. शहर बससाठी ४०० मिलिमीटरची फरशी, झुकणारी गाडी आणि दारात उघडणारा उतार या तीन गोष्टी निविदेत आकड्यांनिशी लिहिल्या पाहिजेत. ‘सुलभ बस’ असा मोघम शब्द लिहिला की कंत्राटदार रंगीत स्टिकर लावून मोकळा होतो. आकडा लिहिला की मोजता येतो. आणि गाडी आल्यावर तो टेप लावून मोजलाही पाहिजे.

इंग्लंडला पुलांनी भाग पाडले, मुंबईला ४.७५ मीटरच्या नियमाने. आमच्या जंगलाच्या जिल्ह्यांत लोखंडाकडून अशी सक्ती येणार नाही, ती लोकांकडूनच यावी लागेल. तुमच्या गावात नवी बस येणार असेल, तर ग्रामसभेच्या ठरावात गाडीची वेळ आणि मार्ग यांच्या जोडीला पायरीची उंचीही लिहून पाठवा. आगार व्यवस्थापकाला लिहा, महानगरपालिकेच्या सभेत विचारा, आमदारांना निवेदन द्या, आणि त्यात ‘सोयीची बस’ असे न लिहिता सेंटिमीटरमध्ये मागणी करा.